अठ्ठेचाळीस बाटल्यांचा हिशेब

आमच्या घराण्यात जावयाशी बोलायची एक ठरलेली रीत आहे. त्याला 'अहो' म्हणायचं, त्याच्या आवडीनिवडी लेकीकडून काढून घ्यायच्या आणि त्याच्या एखाद्या गोष्टीबद्दल नापसंती दाखवायची वेळ आलीच, तर ती भिंतीला सांगायची. चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला यातला शेवटचा भाग अवघड नव्हता. वरच्या कार्यालयातून आलेली परिपत्रकं वाचून आम्ही तेच करत असू. पण गेल्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, लेकीच्या घराच्या तळघरात, अशी वेळ आली की भिंतही पुरेना.

झालं असं, की आम्ही उभयता पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी जावई मला मोठ्या उत्साहानं तळघर दाखवायला घेऊन गेले. कोपऱ्यात झाकणाचं एक पांढरं प्लास्टिकचं पिंप, आपल्याकडे कार्यात आमटीला काढतात तेवढं स्टीलचं पातेलं, रबरी नळ्या, थर्मामीटर आणि रिकाम्या तपकिरी बाटल्यांची दोन खोकी. "बाबा, या शनिवारी मी पहिल्यांदाच घरी बिअर करणार आहे. गव्हाची."

मी "वा!" म्हणालो. तो कसा निघाला कुणास ठाऊक. पण जिन्यात उभ्या असलेल्या लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कारण माहीत होतं. जावयांना नव्हतं.

कारण म्हणजे दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत नोकरी, हातात सुरेख तबला, स्वभावानं राजा. त्याला दारूनं नेलं, तेही शेहेचाळिसाव्या वर्षी. शेवटी यकृत गेलं. पण घर त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. बाटल्या तांदळाच्या डब्यात सापडत, माळ्यावरच्या गाद्यांत सापडत, एकदा तर देवघराच्या मागं सापडली. आई अंधारात जागी असायची. दादाच्या सायकलची घंटी वाजली तर तो शुद्धीत आहे, सायकल नुसतीच भिंतीला घासत आली तर नाही, हे तिनं ठरवून ठेवलं होतं आणि ते कधी चुकलं नाही. मी तेव्हापासून थेंबाला शिवलो नाही. बँकेच्या निरोपसमारंभांत मी लिंबूसरबताचा पेला घेऊन खिडकीशी उभा राहायचो. आणि आता माझ्या लेकीच्या घरात तिचा नवरा सांगत होता, की आपण ती विकत आणत नाही, घरीच करणार आहोत!

रात्री लेकीला एकटीला गाठून विचारलं, "रोज घेतात का?"

"नाही हो बाबा. शनिवारी एखादी. त्यांना प्यायची हौस नाही, करायची आहे."

"आणि कायदा?" हा माझ्यातला बँक अधिकारी.

कायद्याची चौकशी मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन स्वतःच केली. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी असं काही करणं हा सरळ गुन्हा आहे. अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर लोकांना घरापुरती वाइन करायची मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९पासून घरगुती बिअरला वाट मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. आणि मिलवॉकी तर जर्मनांनी वसवलेल्या वस्त्यांचं, बिअरच्या जुन्या कारखान्यांचं गाव. तिथल्या बेसबॉल संघाचं नावच 'ब्रुअर्स', म्हणजे बिअर करणारे! कागदोपत्री जावई निर्दोष होते. भिंतीला सांगायलाही काही उरलं नाही.

पण कायद्यापेक्षा मला गहू जास्त बोचत होता. १९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभा राहून मी अमेरिकेतून आलेला लाल मिलो घरी आणलेला आहे, त्याच्या विरजलेल्या भाकऱ्या खाल्ल्या आहेत. दुष्काळी कामांवर सुकडी वाटताना पाहिलेली आहे. त्या अमेरिकेत आता आमचे जावई चांगला गहू पाण्यात घालून त्याचं पेय करणार!

शनिवारी सकाळी धान्य आलं. सुमारे साडेचार किलो. निम्मा गहू, निम्मे जव, ज्याला आपण सातू म्हणतो. ते साधं नव्हतं. भिजवून, मोड काढून, वाळवून, हलकं भाजून मग भरडलेलं होतं. आमच्या सौ.नी चिमूटभर तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखं लागतंय!"

जावई हसले, पण बाई अगदी बरोबर होत्या. नातवंडांसाठी नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवून भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची, हे आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होतं. पिठातला स्टार्च फोडून त्याची साखर करणं हे त्याचं काम. मोडाच्या नाचणीची पेज साध्या नाचणीपेक्षा पातळ आणि गोडसर होते ती त्यामुळेच. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तीही त्याच द्रव्याची करामत. ते आपल्या लाळेत असतं. बिअरवाले ज्याला माल्ट म्हणतात ते हेच, मोडाचं धान्य. सौ.नी पदर खोचला आणि त्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसल्या ते संध्याकाळपर्यंत.

पातेल्यातलं पाणी बरोबर ६७ अंशांवर ठेवून त्यात ते भरड तासभर मुरवायचं. पाणी फार तापलं तर पाचक द्रव्य मरतं, निवलं तर आळसावतं. तासाभरानं जावयांनी बशीत एक थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. शाळेत बटाट्यावर टाकून निळंकाळं करत होतो तेच. रंग बदलला नाही, म्हणजे स्टार्च संपला, साखर झाली. मग गाळणं. इथं मला एक नवीन गोष्ट कळली. गव्हाला टरफल नसतं. नुसता गहू घेतला तर त्याचा लगदा होऊन पातेल्यात खळ बसते आणि थेंब खाली उतरत नाही. जवाला टरफल असतं. ते तळाशी बसून गाळणीचं काम करतं. नाव गव्हाचं, पण वाट जवानं करून द्यायची. संसारातही असे जव असतात.

गाळून आलेला रस मी चाखला. त्यात तोपर्यंत दारूचा अंशही नव्हता म्हणून हरकत नव्हती. गोड, दाट, भाजक्या धान्याचा वास असलेला. सौ.नी राहिलेला चोथा फेकू दिला नाही. "एवढं धान्य टाकणार?" म्हणत त्यात कांदा, तिखट, बेसन घालून थालीपिठं लावली. टरफलं घशाला जरा खरखरली. पण दुष्काळातल्या त्या पोरानं समाधानानं दोन खाल्ली.

रस मग तासभर उकळला. त्यात २८ ग्रॅम हॉप्स पडले. ही एका वेलीची हिरवी फुलं. कडवटपणा आणतात, नासू देत नाहीत. ही वेल भांगेच्या कुळातली, असं जावयांनी सांगताच सौ.नी हात मागं घेतला. नंतर तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवून रस २० अंशांपर्यंत उतरवला. इथून पुढं मात्र घरात कडक सोवळं सुरू झालं. पिंप, नळी, चमचा, हात, सगळं जंतुनाशकात बुडवून. लोणच्याच्या दिवसांत ओल्या हाताला असते तशी बंदी. उकळलेल्या गोड रसावर कुठलाही जंतू तुटून पडतो. आपल्याला हवा तेवढाच आत गेला पाहिजे.

जावयांनी काचेची एक नळी रसात तरंगत सोडली. मी ओळखली. आमच्या गावच्या दूध सोसायटीत लॅक्टोमीटर असायचा, त्याची ही बहीण. पाणी १.०००, रस १.०५०. आकडा त्यांनी वहीत लिहिला. मग ११ ग्रॅमची यीस्टची पुडी फोडून वर भुरभुरली, झाकण दाबलं आणि झाकणाच्या भोकात पाणी भरलेली एक वाकडी नळी बसवली. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर यावा, बाहेरची हवा आत जाऊ नये. झालं.

दुसऱ्या रात्री तीन वाजता मी टक्क जागा होतो. शरीर अजून भारताच्या घड्याळावर चालत होतं. तळघरातून आवाज आला. फुस्स, मग खळखळ. खाली जाऊन दिवा लावला तर पिंपाचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलेलं, वाकड्या नळीतून तपकिरी फेस उसळतोय, भिंतीवर शिंतोडे. झाकण उडून छताला लागणार हे मला दिसलं. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी ते दाबून धरलं आणि ओरडलो, "अरे, ये लवकर! धर हे!"

दारूला जन्मभर न शिवलेला एक माणूस रात्री तीन वाजता दारूच्या पिंपाला मिठी मारून उभा आहे, हे दृश्य पाहून जावई जिन्यातच थबकले. मग पळत आले. चोंदलेली नळी काढली. धार छातीवर उडाली. तिच्या जागी एक जाड नळी खोचून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत सोडलं. गव्हात प्रथिनं जास्त, म्हणून फेस जास्त. त्यात हे यीस्ट वर चढणाऱ्या जातीचं. पिंपात वर पुरेशी जागा सोडली नव्हती, ही पहिलटकराची चूक.

फरशी पुसून आम्ही दोघं पायरीवर बसलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चार वर्षांचं 'अहो' एका फेसात वाहून गेलं होतं. माझ्या सदऱ्याला तो वास लागला होता. जो वास आला की लहानपणी आम्ही भावंडं गोधडीत तोंड लपवायचो, त्याचाच एक सौम्य नातेवाईक. आणि मी त्याला दादाची गोष्ट सांगितली. सायकलच्या घंटीसकट. बाहेरच्या माणसाला ती मी पहिल्यांदाच सांगत होतो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, हे आधी माहीत असतं तर तुम्ही इथं असताना मी हे काढलंच नसतं."

"म्हणजे आम्ही परत गेल्यावर काढलं असतंस," मी म्हणालो. "आमच्यापासून लपवून."

बोलून गेलो आणि मलाच ते ऐकू आलं. दादाच्या घरात आम्ही सगळेच लपवत होतो. तो बाटली लपवायचा, वहिनी त्याची रजा लपवायची, आई शेजाऱ्यांपासून लपवायची, आणि मी त्याच्या मृत्यूनंतर पोटाचा विकार होता असं लोकांना सांगत आलो. कुणी मोजलं नाही, कारण मोजायचं तर आधी उघडं करावं लागतं. उघडं केलं असतं तर दादा वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण वेळेवर डॉक्टर तरी गाठता आला असता.

त्यानं वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. धान्याचं वजन, पाण्याचं तापमान, वेळ, काचनळीचा आकडा, रात्री तीन वाजताची चूक, सगळं ओळीनं. "याच्या पुढचा हिशेब तुम्ही ठेवा," म्हणाला.

पुढचे दोन आठवडे पिंप आपल्या आपण काम करत राहिलं. तेवढ्यात मी या पेयाची वंशावळ वाचून काढली. बव्हेरियात १५१६ साली ड्यूकनं फर्मान काढलं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. गहू पावासाठी राहावा, हा त्यामागचा एक हेतू मानतात. म्हणजे रेशनच्या रांगेतल्या माझ्या मनातला प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या राजालाही पडला होता. पण डेगेनबर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला गव्हाच्या बिअरचा खास हक्क होता. १६०२ साली ते घराणं निर्वंश झालं, हक्क ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला आणि त्यानं गव्हाच्या बिअरचे सरकारी कारखाने काढून तिजोरी भरली. पावाची काळजी महसुलापुढं टिकत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्या फर्मानात यीस्टचा उल्लेखच नव्हता. ती काय चीज आहे याचा पत्ता नव्हता. आंबण्याचं काम जिवंत पेशी करतात हे लुई पाश्चरनं एकोणिसाव्या शतकात दाखवलं; बिअरवरचा त्याचा ग्रंथ १८७६चा. तोपर्यंत लोक इडलीच्या पिठासारखं कालचं थोडं राखून आजच्यात घालत होते.

पंधराव्या दिवशी काचनळी १.०१२वर आली. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून मद्यार्क काढता येतो; तो पाच टक्क्यांच्या आसपास आला. मग बाटल्या. प्रत्येकीत किंचित साखर, म्हणजे उरलेलं यीस्ट ती खाऊन आतल्या आत वायू करतं. ती जास्त झाली तर बाटली फुटते. म्हणून साखर मी स्वतः तोलली. भरून झाल्यावर मोजल्या: अठ्ठेचाळीस पूर्ण आणि एक अर्धी. अर्धी मी सस्पेन्स खात्यात टाकली. वहीत नवीन पान घेतलं, चार रकाने आखले: तारीख, आरंभीची शिल्लक, खर्च, अखेरची शिल्लक. पहिल्या ओळीत ४८.

आणखी दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. तळाशी बसलेलं यीस्ट ढवळून ती पेल्यात ओतली. गढूळ सोनेरी रंग, वर चार बोटं फेस. सौ.नी लांबूनच वास घेतला. "शिकरण! आणि त्यात लवंग घातलीय." यात कुठंही केळं किंवा लवंग नसते. केळ्याला ज्या द्रव्याचा वास असतो तेच हे यीस्ट आंबताना तयार करतं, आणि दुसरं एक द्रव्य करतं ते लवंगेतल्या द्रव्याचा भाऊबंद. जावयानं माझ्यापुढं पेला केला नाही, आणि ते मला आवडलं. मी वास घेतला, प्यालो नाही. गैरसमज नको. कुठल्याही प्रमाणातलं मद्य प्रकृतीला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. घरी केली, गव्हाची केली, वहीत लिहिली म्हणून ती दूध होत नाही. मी वास घेतला आणि ओळीत लिहिलं: खर्च १, शिल्लक ४७.

आम्ही जुलैअखेर परतलो तेव्हा शिल्लक ३१ होती. सहा शेजाऱ्यांना दिल्या होत्या, बाकीचा खर्च ताळ्यात. विमानतळावर जावयानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "वही माझ्याकडे राहील, पण शिल्लक तुम्हाला कळवत जाईन."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोनवर नुसता एक आकडा यायचा. ३०. २८. २७. मी तो माझ्या डायरीत उतरवायचो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आकडा आला, १९. मागच्या रविवारी २६ होता. मी सात वेळा वजाबाकी केली. 'काय झालं?' असं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. त्या रात्री मी आईसारखा अंधारात जागा होतो आणि हजारो मैलांवरची सायकल घंटी वाजवत येते का, हे ऐकत होतो. विश्वास ठेवणं मला अजून जमत नाही, हे मी कबूल करतो. पहाटे लेकीचा संदेश आला: 'बाबा, व्हाउचर राहिलं होतं. काल ऑफिसातले सहाजण जेवायला होते. आईची थालीपिठं केली.' मी उठून चहा टाकला.

ऑक्टोबरात शून्य आलं. त्याच्याखाली पहिल्यांदाच एक ओळ होती: 'खातं बंद. पुढच्या शनिवारी दुसरं पिंप लावू का, बाबा?'

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. सौ. म्हणाल्या, "अहो, पोरगा विचारतोय. उत्तर द्या."

मी लिहिलं, 'लाव. पण या वेळी जाड नळी पहिल्या दिवसापासून.'